एक्स्पर्ट सिस्टीमचा प्रोटोटाइप कसा उभारावा: नवख्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

एक्स्पर्ट सिस्टीम म्हणजे एखाद्या विषयातल्या तज्ज्ञाचे ज्ञान ‘असे असेल तर तसे’ अशा नियमांत मांडून त्याच्यासारखा निष्कर्ष काढणारा प्रोग्रॅम. हा लेख पहिल्यांदाच अशा कामात उतरणाऱ्यांसाठी आहे. प्रोग्रॅमिंग येते, शेलची (म्हणजे आपण नियम भरले की त्यांवरून तर्क करणाऱ्या तयार सॉफ्टवेअरची) माहितीपत्रके वाचून झाली आहेत, एखादा तज्ज्ञ वेळ द्यायला तयार आहे, पण सुरुवात कुठून करावी हे कळत नाही, अशी अनेकांची स्थिती असते. या कामातून गेल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. हिशेबाच्या किंवा दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोटोटाइपचा, म्हणजे अंतिम प्रणालीआधी केलेल्या कच्च्या नमुन्याचा, उपयोग मुख्यतः पडदे आणि अहवाल ग्राहकाला दाखवण्यासाठी होतो. एक्स्पर्ट सिस्टीममध्ये मात्र तोच ज्ञान मिळवण्याचे मुख्य साधन असतो. तज्ज्ञाला आपण निदान कसे करतो हे सांगता येत नाही, पण समोरचे निदान चुकले आहे हे त्याला क्षणात कळते, आणि का चुकले हे सांगताना तो आजवर कधीच न उच्चारलेले नियम बोलून जातो. म्हणून चुकीचे का होईना, पण काहीतरी उत्तर देणारा लहानसा प्रोग्रॅम शक्य तितक्या लवकर त्याच्यासमोर ठेवावा लागतो.

एकच उदाहरण शेवटपर्यंत धरून ठेवले, तर मुद्दे नीट कळतील. नाशिक किंवा सांगलीकडच्या द्राक्ष बागायतदाराने पानावरची आणि घडावरची लक्षणे सांगायची आणि प्रणालीने केवडा, भुरी आणि करपा यांपैकी कोणता रोग संभवतो ते कारणासह सांगायचे, अशी प्रणाली आपण उभारत आहोत असे समजू.

## सुरुवातीला काय जमवावे

पुढील गोष्टी हाताशी असल्याशिवाय पहिली बैठक ठरवू नका.

- प्रत्यक्ष हाताचे काम करणारा आणि नियमित वेळ देण्यास तयार असलेला एक तज्ज्ञ. दुसरा तज्ज्ञ नंतरच्या तपासणीसाठी लागतो, तेव्हा त्यालाही आताच विचारून ठेवा.
- उत्तर आधीच माहीत असलेली जुनी प्रकरणे. आपल्या उदाहरणात बागेच्या भेटीच्या नोंदी, पानांची दोन्ही बाजूंची छायाचित्रे, छाटणीच्या तारखा, पावसाच्या आणि दवाच्या नोंदी.
- बैठकीचे ध्वनिमुद्रण करण्याची तज्ज्ञाची परवानगी आणि त्यासाठी साधा रेकॉर्डर.
- एक शेल किंवा भाषा. क्लिप्स आणि एसडब्ल्यूआय-प्रोलॉग ही दोन्ही साधने मोफत मिळतात आणि नवख्यांना पुरेशी आहेत.
- नियमांचा प्रत्येक बदल तारखेसह जपण्यासाठी गिट किंवा तत्सम साधन.
- प्रत्येक नियम कोणी, कोणत्या प्रकरणावरून सांगितला याची नोंदवही. ती पहिल्या नियमापासून ठेवावी लागते, कारण मागाहून भरता येत नाही.

## १. विषय अरुंद करा

‘द्राक्षबागेसाठी सल्ला’ हा प्रोटोटाइपचा विषय होऊ शकत नाही. त्यात पाणी, खते, छाटणी, विरळणी, कीड, रोग आणि निर्यात असे सारे काही येते. ‘गोडी छाटणीनंतर (फळांसाठी केलेल्या छाटणीनंतर) फळधारणेपर्यंतच्या काळात पानांवर व घडावर दिसणाऱ्या लक्षणांवरून तीन बुरशीजन्य रोगांपैकी एकाचे निदान’ हा विषय होऊ शकतो. एक साधी चाचणी करून पाहा. तज्ज्ञाला हे काम फोनवर बोलून काही मिनिटांत करता येते का? येत असेल तर ते बहुधा नियमांत मांडता येईल. त्यासाठी त्याला बागेत जाऊन अर्धा दिवस फिरावे लागत असेल, तर विषय अजून कापायला हवा.

प्रणाली काय करणार नाही, हेही याच वेळी लिहून ठेवा. आपल्या उदाहरणात ती औषधाचे नाव आणि मात्रा सांगणार नाही. फवारणी आणि काढणी यांत किती दिवसांचे अंतर हवे याचे बंधन प्रत्येक औषधाला असते, आणि निर्यातीच्या मालात उर्वरित अंश सापडला तर बागायतदाराचे नुकसान होते. अपुऱ्या प्रोटोटाइपच्या हाती असा निर्णय देणे योग्य नाही.

## २. प्रोटोटाइप टाकून द्यायचा की वाढवायचा, हे आधी ठरवा

ज्ञान समजून घेण्यासाठी केलेला आणि नंतर बाजूला ठेवायचा प्रोटोटाइप, आणि थर चढवत ज्याची अंतिम प्रणाली करायची तो प्रोटोटाइप, अशा दोन वाटा आहेत. दोन्ही वाटांनी यशस्वी कामे झालेली आहेत.

फुप्फुसांच्या तपासण्यांचा अर्थ लावणारी ‘पफ’ ही प्रणाली पहिल्या वाटेची. ‘मायसिन’ ही स्टॅनफर्डची रोगनिदान प्रणाली होती. तिच्यातून वैद्यकीय ज्ञान काढून टाकल्यावर उरलेला सांगाडा ‘ईमायसिन’ या नावाने शेल म्हणून वापरात आला, आणि १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘पफ’चे पहिले रूप त्याच्यावर उभे राहिले. नियम स्थिरावल्यावर तीच प्रणाली सॅन फ्रान्सिस्कोच्या रुग्णालयातील लहान संगणकावर चालावी म्हणून बेसिक भाषेत नव्याने लिहिली गेली. प्रोटोटाइपने आपले काम पूर्ण केले होते; रोजच्या वापरासाठी त्याच भाषेचा आग्रह धरण्याचे कारण नव्हते.

दुसऱ्या वाटेवर ‘एक्सकॉन’ आहे. डिजिटल इक्विपमेंट या कंपनीच्या व्हॅक्स संगणकांच्या मागणीपत्रावरून कोणते भाग कसे जोडायचे हे ठरवणारी ही प्रणाली कार्नेगी मेलन विद्यापीठातील जॉन मॅकडरमॉट यांनी १९७८ च्या अखेरीस हाती घेतली. पहिल्या रूपात सुमारे २५० नियम होते. १९८० मध्ये ती कारखान्यात वापरात आली आणि पुढे तिचे नियम हजारोंच्या घरात गेले. पण या वाढीची किंमतही कंपनीने मोजली. नवी उपकरणे आली की नियम बदलत, एक बदलला की दुसरीकडे अनपेक्षित परिणाम दिसे, आणि शेवटी नियमांना शिस्त लावणारी वेगळी पद्धत तयार करून प्रणालीची पुनर्रचना करावी लागली.

नवख्यांना माझा सल्ला असा की पहिला प्रोटोटाइप टाकून देण्यासाठीच करा, आणि हे वरिष्ठांना व तज्ज्ञाला लेखी कळवा. असे सांगितले नाही, तर चालणारा पडदा पाहून ‘झालेच की काम’ असा समज होतो आणि घाईत लिहिलेले नियम कायमचे गळ्यात पडतात.

## ३. पहिली बैठक प्रकरणांवर घ्या

‘केवडा कसा ओळखता?’ असे विचारले तर पुस्तकातले उत्तर मिळते: पानाच्या वरच्या बाजूस तेलकट पिवळसर डाग, खालच्या बाजूस पांढरी बुरशी. हे खरे आहे, पण त्यासाठी तज्ज्ञाची गरज नव्हती. त्याऐवजी जुने प्रकरण समोर ठेवा आणि त्याला मोठ्याने विचार करत ते सोडवायला सांगा. माहिती सगळी एकदम देऊ नका. तो जे विचारील तेवढेच सांगा, आणि त्याने काय विचारले याचा क्रम टिपून ठेवा. तो क्रम उत्तराइतकाच मोलाचा असतो.

द्राक्षाच्या बाबतीत हा क्रम पाहण्यासारखा आहे. आपण नोंदीत महिना आणि तारीख लिहून आणतो, तर तज्ज्ञाचा पहिला प्रश्न असतो, ‘छाटणीला किती दिवस झाले?’ बागायतदारही पोंगा, फुलोरा, मणी धरणे, पाणी उतरणे या सगळ्या अवस्था छाटणीपासूनच्या दिवसांतच मोजतात. शेजारच्या दोन बागांत एकाच तारखेला वेलीची अवस्था वेगळी असू शकते, त्यामुळे नुसती तारीख निदानाला फारशी उपयोगी पडत नाही. पुढचा प्रश्न पावसाचा आणि दवाचा, कारण केवड्याला पान ओले राहणे आवश्यक असते, तर भुरीला पानावर पाणी साचण्याची गरज नसते. लक्षणांचा प्रश्न त्यानंतर येतो. म्हणजे पान पाहण्याआधीच तज्ज्ञाने शक्यता कमी केलेल्या असतात. ही रचना कोणत्याही पुस्तकातल्या लक्षणांच्या यादीत सापडत नाही.

## ४. संगणकाआधी कागदावर चालवून पाहा

मिळालेले नियम एकेका कार्डावर लिहा. सहकाऱ्याला बागायतदाराच्या जागी बसवा आणि तुम्ही प्रणालीच्या जागी बसून फक्त कार्डावर जे आहे तेवढ्यावरूनच प्रश्न विचारा व उत्तर द्या. स्वतःची अक्कल मध्ये येऊ द्यायची नाही, हे सांभाळणे अवघड जाते. पण कुठे नियमच नाही आणि कुठे दोन कार्डे एकमेकांच्या विरुद्ध बोलतात, हे या खेळात एका दुपारी कळते. ही पायरी गाळण्याचा मोह आवरा. कोड लिहिल्यावर रचना बदलायला माणूस कचरतो. कार्डे फाडायला कोणी कचरत नाही.

## ५. तर्काची दिशा पाहून शेल निवडा

निष्कर्ष मोजके आहेत आणि एकेक निष्कर्ष तपासत माहिती विचारत जायचे आहे, असे काम असेल तर निष्कर्षाकडून पुराव्याकडे जाणारा मागचा तर्क सोयीचा. ‘मायसिन’ असेच चाले, आणि प्रोलॉगची स्वाभाविक चालही तीच आहे. माहिती आधीच हाती आहे आणि तिच्यातून काय काय निष्पन्न होते ते पाहायचे आहे, असे काम असेल तर पुढचा तर्क सोयीचा. ‘एक्सकॉन’ आणि क्लिप्स या प्रकारचे. आपल्या उदाहरणात तीनच रोग असल्याने मागचा तर्क चांगला बसतो, पण हवामान केंद्राच्या नोंदी आपोआप येत असतील तर पुढच्या तर्काचा विचार करावा.

क्लिप्सचा इतिहास या लेखाच्या विषयाशी जुळणारा आहे. अमेरिकेच्या नासा संस्थेच्या जॉन्सन अवकाश केंद्रात १९८५ च्या वसंतात त्याचे पहिले रूप दोन महिन्यांहून थोड्या अधिक काळात प्रोटोटाइप म्हणूनच तयार झाले, आणि पुढे ते जगभर वापरले गेले.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे नियमांना अग्रक्रमाचे आकडे देत सुटणे. क्लिप्समध्ये तशी सोय आहे, आणि हवा तो नियम आधी चालत नाही म्हटल्यावर नवखा माणूस त्याला मोठा आकडा देतो, मग दुसऱ्याला त्याहून मोठा. थोड्याच दिवसांत नियमांचा अर्थ आकड्यांत लपून जातो आणि तज्ज्ञाला ते वाचून दाखवता येत नाहीत. क्रम महत्त्वाचा असेल तर ‘आता आपण हवामान तपासत आहोत’ अशी अवस्थाच एक तथ्य म्हणून मांडा आणि नियमाच्या अटीत तिचा उल्लेख करा.

## ६. पहिले चालते रूप लवकर आणि अपुरेच तयार करा

विषयाच्या एकाच कोपऱ्यातले, पण प्रश्नापासून उत्तरापर्यंत पूर्ण जाणारे रूप आधी करा. सगळ्या रोगांचे प्रश्न आहेत पण उत्तर एकाचेही नाही, असे रूप निरुपयोगी असते. पडदा साधा ठेवा, रंगरंगोटीत वेळ घालवू नका.

एका गोष्टीत मात्र पहिल्या दिवसापासून तडजोड नको. ‘हा प्रश्न का विचारला?’ आणि ‘हे उत्तर कसे काढले?’ या दोन प्रश्नांना प्रणालीने उत्तर दिलेच पाहिजे. ‘मायसिन’मध्ये ही सोय होती, आणि प्रोटोटाइपमध्ये ती अंतिम प्रणालीपेक्षाही अधिक लागते. नुसते ‘भुरी’ असे उत्तर दिसले तर तज्ज्ञ ‘चूक’ एवढेच म्हणतो. कोणत्या नियमांवरून भुरी ठरली हे दिसले, तर तो नेमक्या नियमावर बोट ठेवतो.

## ७. तज्ज्ञासमोर चालवा आणि त्याच्या आक्षेपांची वाट पाहा

सगळ्या कामाचा गाभा ही पायरी आहे, म्हणून तिच्यावर सर्वाधिक वेळ द्या.

बैठकीचे चित्र सहसा असे असते. प्रणाली विचारते, ‘पानावर पांढरी वाढ आहे का?’ उत्तर ‘हो’ दिले जाते आणि प्रणाली भुरी म्हणते. तज्ज्ञ टेबलावरचे पान उचलतो, उलटे करतो आणि म्हणतो, ‘ही वाढ कुठल्या बाजूला आहे, ते तुम्ही विचारलेच नाही.’ खालच्या बाजूची पांढरी वाढ आणि तिच्या बरोबर वरच्या बाजूस तेलकट डाग असेल तर केवडा. राखेसारखा थर वरच्या बाजूस पसरला असेल आणि बोटाने पुसला जात असेल तर भुरी. मागच्या बैठकीत त्याने ‘पांढरी वाढ’ एवढेच सांगितले होते, कारण पान उलटून पाहणे त्याच्या हाताला इतके सवयीचे झालेले आहे की ती वेगळी पायरी आहे हे त्याच्या लक्षातच येत नाही. अशा अबोल पायऱ्या मुलाखतीत निसटतात आणि चालत्या प्रोटोटाइपसमोर उघड होतात.

अशा वेळी पुढील क्रमाने वागावे. प्रथम आक्षेप तज्ज्ञाच्याच शब्दांत लिहून घ्यावा. मग विचारावे, ‘म्हणजे प्रत्येक वेळी असेच असते का? याला अपवाद असलेली बाग आठवते का?’ अपवाद मिळाला की तोही लिहावा. बैठकीतच कोड बदलण्याची घाई करू नये, कारण त्या क्षणी केलेली दुरुस्ती त्या एका प्रकरणाला बसते आणि इतर चार मोडते. लहान बदल त्याच दिवशी करून दाखवता आला तर तज्ज्ञाचा उत्साह वाढतो, हेही खरे. पण आधी जुनी सर्व प्रकरणे पुन्हा चालवून पाहा, मगच बदल पक्का करा.

दोन धोके इथे विशेष आहेत. पहिला म्हणजे तज्ज्ञाचा सौजन्यशील होकार. आपल्याकडे समोरच्याने कष्ट घेतले आहेत म्हटल्यावर ‘छान झाले आहे’ असे म्हणण्याची रीत आहे. ‘बरोबर आहे का?’ असे न विचारता ‘या बागायतदाराला तुम्ही हेच सांगितले असते का, याच शब्दांत?’ असे विचारले, तर खरे उत्तर मिळते. दुसरा धोका म्हणजे तुम्ही स्वतः प्रणालीची बाजू घेऊन बोलू लागणे. तज्ज्ञ चूक दाखवत असताना ‘पण तुम्हीच तसे म्हणाला होतात’ हे वाक्य एकदा तोंडातून गेले की तो पुढच्या बैठकीत मोजून मापून बोलतो आणि ज्ञानाचा झरा आटतो.

नवे आक्षेप कमी होत जातात आणि ते मुख्य नियमांऐवजी विरळ प्रकरणांबद्दल येऊ लागतात, तेव्हाच पुढे सरका.

## ८. खात्रीचे आकडे उशिरा आणि जपून आणा

तज्ज्ञ ‘बहुतेक’, ‘शक्यता आहे’, ‘नक्कीच’ असे शब्द वापरतो. ‘मायसिन’मध्ये यासाठी उणे १ ते अधिक १ या दरम्यानचे खात्रीचे गुणांक होते. दोन नियम एकाच निष्कर्षाला दुजोरा देत असतील, तर पहिला गुणांक घेऊन उरलेल्या भागाला दुसऱ्याने गुणायचे आणि दोन्हींची बेरीज करायची. एक ०.६ आणि दुसरा ०.५ असेल, तर ०.६ अधिक ०.४ गुणिले ०.५, म्हणजे ०.८.

हे सोपे दिसते, पण त्यामागे दोन्ही पुरावे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे गृहीत धरलेले असते. पानावरचा तेलकट डाग आणि त्याच डागाच्या खालची पांढरी बुरशी या एकाच संसर्गाच्या दोन खुणा आहेत. त्यांना वेगळे नियम देऊन बेरीज केली तर खात्री फुगते. अशा खुणा एकाच नियमात एकत्र ठेवा. शिवाय तज्ज्ञाकडून थेट आकडा मागू नका. त्याचे शब्द तीन-चार पायऱ्यांत बसवा, त्या पायऱ्यांना तुम्ही आकडे द्या आणि प्रकरणांवर चालवून ते जुळतात का पाहा. पहिल्या रूपात आकडे मुळीच नसले तरी चालते.

## ९. राखून ठेवलेल्या प्रकरणांवर तपासा

जमवलेल्या प्रकरणांपैकी काही सुरुवातीलाच बाजूला काढा आणि नियम तयार होईपर्यंत ती उघडू नका. ज्या प्रकरणांवरून नियम केले त्यांच्यावरच ते तपासले तर यश हमखास दिसते आणि त्याला काही अर्थ नसतो.

तपासणी कशी असावी याचा चांगला नमुना ‘मायसिन’ने १९७९ मध्ये घालून दिला. मेंदूज्वराच्या १० प्रकरणांवर प्रणालीने, तज्ज्ञ डॉक्टरांनी आणि इतरांनी सुचवलेले उपचार ८ बाहेरच्या तज्ज्ञांकडे पाठवले गेले, आणि कोणता उपचार कोणाचा हे त्यांना सांगितले नव्हते. त्यांनी ‘मायसिन’चे ६५ टक्के उपचार स्वीकारार्ह ठरवले, विद्यापीठातील तज्ज्ञांना मिळालेले आकडे ४२.५ ते ६२.५ टक्के होते. यातून दोन गोष्टी घ्याव्यात. परीक्षकाला उत्तर माणसाचे की यंत्राचे हे कळता कामा नये, आणि तज्ज्ञांमध्येही मतभेद असतात, त्यामुळे शंभर टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवणे व्यर्थ आहे. आधी ठरवलेला दुसरा तज्ज्ञ इथे कामी येतो.

एवढे यश मिळूनही ‘मायसिन’ रुग्णालयात नित्य वापरात कधी आली नाही, हेही ध्यानात ठेवा. उत्तर बरोबर येणे आणि रोजच्या कामात बसणे या वेगळ्या कसोट्या आहेत, आणि दुसरी कसोटी पुढच्या पायरीत येते.

## १०. वापरणाऱ्याच्या हाती देऊन पाहा

आतापर्यंत प्रश्नांची उत्तरे तुम्ही किंवा तज्ज्ञ देत होतात. आता बागायतदाराला देऊ द्या आणि मध्ये बोलू नका. तो कुठे थांबतो, कुठे अंदाजाने उत्तर देतो, कोणता शब्द त्याला परका वाटतो हे पाहा. ‘सापेक्ष आर्द्रता किती?’ या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडे नसेल, पण ‘सकाळी किती वाजेपर्यंत पानावर दव होते?’ याचे असेल. प्रत्येक प्रश्नाला ‘माहीत नाही’ असे उत्तर देता आले पाहिजे, आणि ते आल्यावर प्रणालीने अडून न बसता उरलेल्या माहितीवर पुढे जायला हवे. तीनपैकी एकही रोग बसत नसेल तर तसे स्पष्ट सांगून कृषी अधिकाऱ्याकडे पाठवणारा नियमही हवा. विषयाबाहेरच्या प्रकरणालाही ठामपणे तीनपैकी एक नाव देणारी प्रणाली धोकादायक असते, आणि प्रोटोटाइपमध्ये हा दोष फार वेळा आढळतो.

## ११. प्रोटोटाइप कुठे थांबवायचा

राखीव प्रकरणांवरचे निकाल स्थिरावले, नवे नियम क्वचितच लागू लागले आणि वापरणाऱ्याला मदतीशिवाय प्रश्नांची उत्तरे देता येऊ लागली, की प्रोटोटाइपचे काम संपले. त्यानंतर नियमांची यादी, त्यांची नोंदवही, सर्व प्रकरणे आणि त्यांची अपेक्षित उत्तरे एवढे सोबत घ्या, आणि अंतिम प्रणालीची रचना नव्याने मांडा. नियम गटांत विभागा, प्रत्येक गटाला एक जबाबदार व्यक्ती नेमा, आणि कोणताही नियम बदलला की जुनी सर्व प्रकरणे आपोआप पुन्हा चालतील अशी सोय करा. पुढच्या हंगामात नवे वाण, नवे हवामान आणि नवी लक्षणे येतील, तेव्हा नियम बदलावेच लागतील. त्या कामासाठी तज्ज्ञाचा वेळ आणि पैशाची तरतूद प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात आधीच धरून ठेवा.